कपाशीवरचे विष आणि आपले उत्तरदायित्व



१ सप्टेंबर हा दिवस कॅथोलिक ख्रिस्तसभा सृष्टीच्या काळजीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळते. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली तो आपल्या उपासनेच्या दिनदर्शिकेत आणला. त्या दिवसापासून ४ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणापर्यंतचे पाच आठवडे अनेक धर्मग्रामांत 'सृष्टीचा काळ' म्हणून साजरे होतात. झाडे लावली जातात, मुलांच्या चित्रकला स्पर्धा होतात, प्लास्टिकच्या पिशव्यांवर प्रवचन होते. हे सर्व चांगलेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु विदर्भात वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे ह्याच पाच आठवड्यांत एक वेगळे चित्र असते.

यवतमाळहून अमरावतीच्या रस्त्याने निघाले की नेर लागते. जुनी माणसे त्याला अजून नेर परसोपंत म्हणतात. पोळा होऊन गेलेला असतो, सोयाबीनचा हिरवा रंग उतरू लागलेला असतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वावरांत पऱ्हाटी फुलावर आलेली असते. तिच्यामधून पाठीवर पंप बांधलेली माणसे ओळीने पुढे सरकत असतात. तोंडाला फार तर एखादा दुपट्टा, पाय अनवाणी, अंगातला सदरा पाठीला चिकटलेला. बसच्या खिडकीतून औषधाचा उग्र वास आत येतो. ह्या द्रव्याला आपल्याकडे सगळेच 'औषध' म्हणतात. विकणारा म्हणतो, फवारणारा म्हणतो आणि मीही आताच तसे लिहून गेलो.

२०१७ साली ह्याच दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातील गावागावांतून माणसे यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागली. कोणाला दिसेनासे झाले होते, कोणाला उलट्या थांबत नव्हत्या, कोणाचा श्वास अडकत होता. बहुतेकांनी आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी कपाशीवर फवारणी केली होती. जुलैपासून सुरू झालेला हा ओघ ऑक्टोबरपर्यंत चालला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे मरण पावली आणि शेकडो जणांवर उपचार करावे लागले. बाहेरच्या जगाला ह्याचा पत्ता लागला तो बऱ्याच उशिरा, सप्टेंबर संपता संपता.

त्याच वर्षी हे का घडले, ह्याची कारणे तेव्हा पुष्कळ चर्चिली गेली. हवा दमट होती आणि पऱ्हाटी त्या वर्षी विलक्षण वाढली होती, पुष्कळ ठिकाणी माणसाच्या डोक्याच्या वर. त्यामुळे फवारा खाली झाडावर मारण्याऐवजी वर मारावा लागे, आणि वर मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच अंगावर उतरे. हाताने दांडा मारून चालवायच्या जुन्या पंपांची जागा बॅटरीवर चालणाऱ्या पंपांनी घेतली होती. ज्याला बाजारात 'चायना पंप' म्हणतात, त्यातून तुषार फार बारीक आणि वेगाने निघतात. काम लवकर उरकते, पण तेच बारीक तुषार श्वासाबरोबर आत जातात. रसशोषक किडी आणि बोंडअळी ह्यांनी त्या वर्षी कहर केला होता, म्हणून फवारण्या वाढल्या. एका द्रव्याने भागत नाही म्हणून दोन-तीन द्रव्ये एकाच पंपात मिसळली गेली. त्यांत प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन ह्यांचे मिश्रण पुष्कळ ठिकाणी होते. घामाने ओली झालेली त्वचा, पाठीवर ठिबकणारी टाकी आणि दिवसभराचे काम. विष पोटातच जावे लागते असे नाही, ते कातडीतूनही जाते, हे कित्येकांना रुग्णालयातच कळले.

मृतांमध्ये स्वतःच्या दोन-चार एकरांत फवारणारे लहान कास्तकार होते, तसेच पुष्कळ शेतमजूर होते. वावर दुसऱ्याचे, पीक दुसऱ्याचे, कोणते द्रव्य आणायचे हा निर्णय दुसऱ्याचा; ह्यांचे म्हणून होते ते केवळ शरीर. मला ह्या लेखात जे म्हणायचे आहे ते ह्या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो.

घटनेनंतर जे व्हायचे ते झाले. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर केले, विशेष तपास पथक नेमले, पश्चिम विदर्भात काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. आणि मग दोष कोणाचा ह्याची चर्चा सुरू झाली. मजूर म्हणाला, मालकाने दिले ते मी मारले. मालक म्हणाला, कृषी केंद्रवाल्याने सांगितले ते मी आणले. दुकानदार म्हणाला, परवाना असलेला माल मी विकला. कंपन्या म्हणाल्या, हातमोजे, चष्मा, मुखपट्टी वापरावी असे आम्ही वेष्टनावर छापले आहे. लोक वाचत नाहीत त्याला आम्ही काय करणार? कृषी खात्याने मनुष्यबळाकडे बोट दाखवले. प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी खरे वाटावे असे होते.

बायबलच्या वाचकाला हा संवाद ओळखीचा आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात बागेतील त्या प्रश्नोत्तरात आदाम हव्वेकडे बोट दाखवतो आणि हव्वा सर्पाकडे. पुढच्याच अध्यायात काइनाला भावाविषयी विचारले जाते, तेव्हा तो आपण राखणदार आहोत काय असा उलट प्रश्न करतो. पवित्र शास्त्रातील पहिल्या दोन पापांना जोडणारा धागा हा आहे: जबाबदारी शेजाऱ्याच्या अंगणात सारणे. आपण ह्या अध्यायांवर प्रवचने करतो तेव्हा आज्ञाभंगावर आणि रक्तपातावर बोलतो. बोट दाखवण्यावर आपण कमीच बोलतो.

बोट दाखवण्याची ही साखळी नेरच्या किंवा यवतमाळच्या वेशीपाशी संपत नाही. त्या हंगामात वापरल्या गेलेल्या द्रव्यांपैकी एक, डायफेन्थियुरॉन, हे सिंजेंटा ह्या स्वित्झर्लंडमध्ये मुख्यालय असलेल्या कंपनीच्या 'पोलो' ह्या उत्पादनात असते. खुद्द स्वित्झर्लंडच्या शेतांत त्याचा वापर २०१७ च्या बऱ्याच आधीपासून बंद होता. यवतमाळच्या दोन मृतांच्या पत्नी आणि एक बाधित शेतकरी ह्यांनी २०२० साली बाझल येथे ह्या कंपनीविरुद्ध दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. न्यायालयाच्या प्रश्नावर निकाल देण्याचा मला अधिकार नाही. पण एक गोष्ट न्यायालयाबाहेरची आहे. १ जानेवारी २०२१ पासून स्वित्झर्लंडने ज्या पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यांत डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस ही दोन्ही होती. आपल्या शेतावर जे नको, ते दुसऱ्याच्या शेतावर पाठवू नये, एवढी साधी गोष्ट कायद्यात उतरण्यास इतकी वर्षे लागली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा व्यापाराच्या कागदांवर किती हळू पोहोचते, ह्याचा हा नमुना आहे.

आपल्या देशाची गतीही निराळी नाही. मोनोक्रोटोफॉस ह्या अतिविषारी द्रव्याला भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ साली मनाई झाली. कपाशीवर ते चालूच राहिले. २०१३ च्या जुलै महिन्यात बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून ते पोटात जाऊन २३ मुले दगावली. यवतमाळच्या घटनेनंतर त्यावर पुन्हा चर्चा झाली. त्याच्या प्रचलित द्रवरूपावर बंदीचा आदेश केंद्र सरकारने काढला तो २०२३ साली, आणि शिल्लक साठा खपवण्यास मुदतही दिली. कीटकनाशकांचा मूळ कायदा १९६८ चा आहे. तो बदलण्यासाठी २००८ आणि २०२० साली विधेयके आली. त्यांचा कायदा झाला नाही.

आता थोडे मागे जाऊन, एवढी फवारणी करण्याची वेळ का आली, हे पाहू. ह्या प्रश्नात मला पर्यावरणाच्या नीतिशास्त्राचा एक उत्तम धडा दिसतो, म्हणून वाचकांनी थोडी कळ काढावी.

भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली आणि २००६ साली दोन जनुके असलेला पुढचा वाण आला. बोंडअळी ते झाड खाऊन मरते, त्यामुळे आरंभीच्या वर्षांत बोंडअळीसाठी होणाऱ्या फवारण्या खरोखरच घटल्या. हे मान्य केले पाहिजे. परंतु एखादे विष सतत सगळीकडे असले की त्याला न जुमानणाऱ्या थोड्या अळ्या तेवढ्या जगतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. हे टाळण्यासाठी नियम असा होता की बीटी कपाशीभोवती साध्या, बिगर-बीटी कपाशीच्या काही ओळी लावाव्यात. त्या ओळींत साध्या अळ्या वाढतील, त्यांचे पतंग त्या मोजक्या चिवट पतंगांशी संकर करतील आणि प्रतिकारशक्ती फैलावणार नाही. म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचे बिगर-बीटी बियाण्याचे वेगळे पाकीट मिळत असे. ह्या ओळींना 'आश्रय' म्हणत.

ते छोटे पाकीट बहुतेकांनी फेकून दिले. अळीला खाऊ घालण्यासाठी आपल्या वावरातील चार ओळी कोण सोडणार? त्या बियाण्याच्या दर्जाविषयीही तक्रारी होत्या, आणि ते का लावायचे हे समजावून सांगण्याची तसदी कोणी फारशी घेतली नाही. शिवाय पाणी असलेल्या कास्तकारांनी फरदड ठेवली, म्हणजे वेचणी संपल्यावरही पऱ्हाटी न उपटता मार्चपर्यंत पीक घेत राहिले. गुलाबी बोंडअळीला वर्षभर खाणे मिळाले. २०१७ साली त्याचा हिशेब चुकता झाला. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत शिरते. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, तिला पोहोचत नाही. तरीही माणसे फवारत राहिली, कारण दुसरे काही त्यांच्या हाती नव्हते.

मला ह्या ठिकाणी लेवीयच्या पुस्तकातील एक नियम आठवतो. कापणी करताना शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्यावीत. रूथ जगली ती ह्याच नियमावर, आणि दाविदाचे घराणे, पर्यायाने आपल्या प्रभूची मानवी वंशावळ, त्या कडेच्या कणसांवर उभी आहे. शेताची कड आपली नसते, असे तो नियम सांगतो. कृषिशास्त्रज्ञांनी आश्रयाच्या ओळी आखल्या तेव्हा त्यांच्या मनात लेवीय नसणार. पण दोन्हींचा अर्थ एकच होतो: आपल्या मालकीच्या जमिनीतही एक हिस्सा असा असतो, ज्यावर आज येथे हजर नसलेल्या कोणाचा तरी हक्क आहे. कडेपर्यंत सगळे आपलेच, असे धरून चालले की काही वर्षे पीक भरपूर येते. नंतर येते २०१७.

आज येथे हजर नसलेला तो कोण? भावी पिढ्यांविषयी बोलताना आपण फार सहज बोलतो. 'आपल्या नातवंडांसाठी' हे शब्द आता भाषणांत झिजून गेले आहेत. म्हणून एक उदाहरण देतो. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर सुमारे दोन दशके हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. २००० च्या सुमारास ती फवारणी थांबली. पण तेथील गावांत जन्मतःच व्यंग असलेली मुले पुढेही जन्मत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली देशभर एंडोसल्फान थांबवले आणि २०१७ च्या जानेवारीत पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ज्या मुलाच्या वाट्याला हे आले, ते फवारणीच्या वेळी जगातच नव्हते. त्याला कोणी विचारले नव्हते.

माझे म्हणणे येथे येऊन ठेपते. नेरच्या रस्त्यालगत फवारणारा मजूर आणि अजून न जन्मलेले मूल ह्या दोघांची स्थिती नैतिक दृष्ट्या एकच आहे. निर्णय होतो त्या बैठकीत दोघेही नसतात, फायद्यात दोघांचाही वाटा नाममात्र, आणि परिणाम मात्र प्रथम त्यांच्या शरीरावर. मानवजातीच्या भवितव्याची काळजी आपल्याला खरोखर आहे की नाही, ह्याची परीक्षा घेण्यासाठी शंभर वर्षे थांबण्याचे कारण नाही. आज समोर असलेल्या मजुराला आपण कसे वागवतो ते पाहावे. ज्याला समोरचा दिसत नाही, त्याला शंभर वर्षांनंतरचा दिसतो, ह्यावर माझा विश्वास बसत नाही.

ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत हे दोन धागे वेगळे ठेवलेलेच नाहीत. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८७ सालच्या आपल्या सामाजिक परिपत्रकात पापाच्या रचनांविषयी लिहिले: एकेका व्यक्तीच्या लहान-लहान स्वार्थातून अशी व्यवस्था उभी राहते की पुढे ती कोणा एकाची राहत नाही. दोषाची ती साखळी म्हणजे अशीच रचना. पोप फ्रान्सिस ह्यांच्या २०१५ च्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात शेतीतील विषारी रसायनांचा उल्लेख अगदी आरंभीच्या प्रकरणात आहे, आणि धरतीचा व गरिबाचा आक्रोश एकत्रच ऐकला पाहिजे असा त्या पत्राचा आग्रह आहे. पोप लिओ चौदावे ह्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच, २०२५ च्या जुलैमध्ये, सृष्टीच्या काळजीसाठी खास मिस्सा उपासनेत समाविष्ट झाली. शिकवणुकीची उणीव आपल्याला नाही.

उलट टोकाचाही एक धोका आहे, तो सांगितला पाहिजे. 'रासायनिक शेती सोडा' असे वेदीवरून सांगणे सोपे आहे, कारण वेदीवरच्या माणसाला कर्जाचा हप्ता नसतो. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खते आणि कीटकनाशकांची आयात एका फटक्यात बंद केली. शेतकऱ्यांची दैना झाली आणि काही महिन्यांतच माघार घ्यावी लागली. जमिनीची सवय मोडायला वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचा तोटा कोणी सोसायचा हे ठरवल्याशिवाय दिलेला उपदेश गरिबाच्या अंगावर आणखी एक ओझे टाकतो. विषमुक्त शेतीचे उदाहरण शोधायला यवतमाळ जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही, हेही तितकेच खरे. तिवसा येथील सुभाष शर्मा ह्यांनी अनेक वर्षांपूर्वी रसायने सोडून नैसर्गिक शेती उभी केली. २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या वाटेने सगळे उद्या जाऊ शकणार नाहीत. मधली वाट मात्र आहे: वेळेवर पऱ्हाटी उपटणे, फरदड न ठेवणे, कामगंध सापळे लावणे, डोमकळ्या तोडून नष्ट करणे, पहिल्या फवारण्या निंबोळी अर्काच्या करणे. ह्यात नवीन काही नाही. कृषी खाते हे दरवर्षी सांगते.

मराठी कॅथोलिकांना पर्यावरणाचा लढा अपरिचित नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या रूपाने उभे राहिले, तेव्हा धर्मगुरूंनी ह्यात पडावे काय असा प्रश्न विचारणारे पुष्कळ होते. आज तो प्रश्न कोणी विचारत नाही. फरक इतकाच की वसईकर आपल्या विहिरींसाठी आणि आपल्या वाड्यांसाठी लढले. विदर्भात प्रश्न दुसऱ्याच्या फुप्फुसांचा आहे. आपल्यापैकी काहींची येथे शेती आहे, काहींची गावाकडे बटाईने दिलेली आहे, आणि बाकीचे आपण सगळे त्या कपाशीचे कपडे घालतो.

मी स्वतःला ह्यातून वगळत नाही. २०१७ च्या त्या सप्टेंबरात मी सृष्टीच्या काळावर दोन प्रवचने केली. एकात पृथ्वीच्या तापमानवाढीवर बोललो, दुसऱ्यात झाडांवर. वर्तमानपत्रात यवतमाळच्या बातम्या रोज येत होत्या आणि मी त्या वाचत होतो. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. त्या महिन्यात माझ्या वाट्याला काय होते, हे मला पुढे बऱ्याच काळाने उमगले.

म्हणून ज्यांच्याकडे मजूर फवारणीला येतात त्यांच्याशी थोडे स्पष्ट बोलतो. द्रव्याच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. लाल आणि पिवळा घरी आणण्यापूर्वी दुसरे काही चालेल काय, हे विचारा. हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी ह्यांचा खर्च मालकाचा आहे, मजुराचा नाही. दमट उकाड्यात हे घालवत नाही हे खरे, म्हणूनच काम सकाळच्या वेळात आणि थोड्या तासांचे असावे. अनेक ठिकाणी मजुरी पंपांच्या हिशेबाने ठरते, म्हणजे जितके विष अधिक तितके पैसे अधिक. ही पद्धत मोडून दिवसाची मजुरी द्या. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू देऊ नका. बांधावर साबण आणि पाणी ठेवा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. रिकाम्या डब्यात पुन्हा पाणी, तेल काहीही भरले जाऊ नये, म्हणून तो भोक पाडून निकामी करा. कोणाला गरगरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर कपडे बदलून, अंग धुऊन ताबडतोब रुग्णालयात न्या आणि डब्यावरचे वेष्टन बरोबर न्या, कारण उपचार द्रव्यानुसार बदलतो आणि काही द्रव्यांवर विशिष्ट उतारा नाहीच.

ह्या वर्षी १ सप्टेंबरच्या मिस्सामध्ये श्रद्धावंतांच्या प्रार्थनांत फवारणी करणाऱ्यांसाठी एक विनंती घालावी, असे मी माझ्या धर्मगुरू बांधवांना सुचवतो. मिस्सा सकाळची असेल तर ज्यांच्यासाठी ती प्रार्थना आहे ते तिथे नसतील. त्यांना ऊन चढण्याच्या आत वावरात जायचे असते.